एका अर्जदाराला एक ओळ

पहिल्या दिवशी प्रिंटर अर्धा तास करकरत राहिला आणि भोकाभोकांच्या लांबलचक कागदावर इंग्रजीत एकाखाली एक ओळी पडत गेल्या: एक अर्जदार. एक अर्जदार. एक अर्जदार. अशा अकराशे बारा ओळी. चारुलतेनं ते भेंडोळं मधुकररावांच्या टेबलावर नेऊन टाकलं, तेव्हा ते चष्मा कपाळावर ढकलून पोट धरून हसले.

दोष यंत्राचा नव्हता. नागपूरच्या त्या कॉलेजात अठ्ठ्याऐंशी साली एकच वातानुकूलित खोली होती, तिच्याबाहेर प्राचार्यसुद्धा चपला काढत, आणि आतल्या यंत्रावर एक नवी भाषा नुकतीच येऊन बसली होती. संगणक केंद्राचे प्रमुख मधुकरराव यांनी ती मुंबईच्या एका मित्राकडून फ्लॉपीवर आणलेली. या भाषेत सगळ्याच गोष्टी म्हणजे 'ऑब्जेक्ट'. प्रत्येक अर्जदार हा एक ऑब्जेक्ट. त्याचं नाव, गाव, घर क्रमांक, आईचं नाव, सगळं त्याच्या पोटात. बाहेरच्यानं पोटात हात घालायचा नाही. त्यालाच विचारायचं, बाबा रे, तू कोण? आणि त्यानं स्वतःच एका ओळीत स्वतःला सांगायचं. पण कसं सांगायचं हे कुणी शिकवलं नसेल, तर बिचारा एवढंच म्हणतो, मी एक अर्जदार.

आता शिकवायचं काम चारुलतेचं. ती तेव्हा सव्वीस वर्षांची, व्याख्याती, कामाला वाघ आणि कौतुकाला हावरी. हावरी हा शब्द तिला आवडला नसता, पण दुसरा शोधायचा कशाला? दुपारभर बसून तिनं दहा-बारा ओळींचा मजकूर लिहिला आणि अर्जदार बोलायला लागले. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, जन्मतारीख. पडद्यावर माणसं एकेका ओळीत उभी राहिली. ही ओळ तिनं स्वतःपुरती केली होती. भरलेली माहिती नीट गेली की नाही, हे नजर टाकून तपासता यावं एवढ्यासाठी.

मधुकररावांनी ती पाहिली आणि चांगली आहे म्हणाले. मग त्यांनी एक सांगून ठेवलं. ही ओळ आपल्या डोळ्यांसाठी आहे. आपल्याला आत काय आहे ते ठाऊक असतं म्हणून आपल्याला एवढ्यात भागतं. ऑफिसवाल्यांना द्यायची ओळ वेगळी करा, त्यात माणसाची ओळख पटेल असं काहीतरी घाला. चारुलता हो सर म्हणाली. करणारही होती ती. पुढच्या आठवड्यात.

काम होतं धरणाच्या ऑफिसचं. काटोलकडच्या एका लहानशा धरणात पाच गावं बुडाली होती आणि सरकारनं कबूल केलं होतं की बुडालेल्या घरटी एकाला धरणावर नोकरी. अकराशेवर अर्ज आणि जागा पाचशेवर थोड्या, त्यामुळे पात्र कोण याची यादी यंत्रावर करून घ्यावी असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. अर्जांचे गठ्ठे घेऊन ऑफिसचे बडेबाबू गणपतराव स्वतः येत. सफारी सूट, खिशाला तीन पेनं, पंचवीस वर्षांची नोकरी. यंत्रावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, पण खोलीतला गारवा त्यांना मानवला होता.

त्यांनी ती ओळ पाहिली आणि खूश झाले. हेच छापून द्या म्हणाले. चारुलतेनं सांगितलं की यात घर क्रमांक नाही, आईचं नाव नाही, ते घातलं तर ओळ कागदाच्या रुंदीत मावणार नाही, खालच्या ओळीवर उतरेल. गणपतरावांनी मान हलवली. त्यांना पट्टी लावून खुणा करायच्या होत्या, एका अर्जदाराला एक ओळ. दोन ओळींचा माणूस त्यांना नको होता. मग त्यांनी प्राचार्यांसमोर बोलून दाखवलं की या मुलीनं तीन महिन्यांचं काम तीन आठवड्यांत केलं. चारुलतेचे कान लाल झाले. मधुकररावांचं सांगणं तिथंच राहिलं आणि यादी गेली.

यादी देण्याआधी तिला एक गंमत दिसली होती. दोन ओळी एकाखाली एक, अक्षर न् अक्षर सारख्या. कवडू धोंडबा सोमकुवर, खापरखेडी, एक जुलै त्रेपन्न. तिनं दोघांनाही पडद्यावर आतून उघडून पाहिलं. एकाचा घर क्रमांक चौदा, एकाचा एकसष्ट. एकाची आई मीराबाई, एकाची देवकी. म्हणजे माणसं दोन आणि यंत्रानं ती बरोबर दोन ठेवलेली. नावावरून नोंद ठेवायच्या जुन्या पद्धतीनं केलं असतं तर एकावर दुसरा चढून बसला असता. आपला प्रोग्रॅम पक्का आहे, असं तिला वाटलं आणि ती घरी जाऊन सुखानं जेवली.

गणपतरावांनी ऑफिसात पट्टी लावली, त्याच दोन ओळींपाशी थांबले आणि लाल पेन्सिलीनं खालची ओळ कापून बाजूला लिहिलं, 'दुबार'. यात त्यांनी काही पाप केलं नव्हतं. घर क्रमांक बदलून दोन-दोन अर्ज टाकणारे सात बहाद्दर त्यांनी अर्ज यंत्राकडं जाण्याआधी गठ्ठ्यांत खरोखरच पकडले होते. हा आठवा. यंत्राची चूक आपण धरली, याचा त्यांना आनंद झाला, आणि चहावर तो त्यांनी चार जणांना सांगितला. साफ यादी टाइप झाली, साहेबांची सही झाली, यादी फळ्यावर लागली.

मे महिन्यात, नागपूरच्या उन्हानं डांबर पातळ होत असताना, कवडू कॉलेजच्या दारात उभा राहिला. उंच, हडकुळा, डोक्याला ओला दुपट्टा. ऑफिसात त्याला सांगितलं होतं की गडबड कॉम्प्युटरची आहे, कॉम्प्युटरकडं जा. म्हणून तो आला होता. त्यानं चपला काढल्या, खोलीत आला, पडद्याला नमस्कार करावा की नाही या विचारात क्षणभर थांबला आणि मग चारुलतेला केला.

"मी एकसष्ट नंबरच्या घरचा कवडू, म्याडम," तो म्हणाला. "माहं नाव कापून टाकलं."

चारुलतेला काय झालं असेल ते ताबडतोब कळलं.  तिनं त्याला खुर्ची दिली, पडद्यावर दोघेही कवडू काढून दाखवले. सातवी शिकलेला होता, त्यानं बोट न लावता एकेक इंग्रजी अक्षर जुळवत आईचं नाव वाचलं आणि देवकी म्हणजे आपलीच आई म्हणाला. यंत्रात आपण आहोत हे पाहून तो इतका निश्चिंत झाला की चारुलतेलाच कसनुसं झालं.

एकाच गावात दोन कवडू धोंडबा सोमकुवर कसे, हे तिनं विचारलं. त्याला त्यात नवल वाटलं नाही. ते दोघं जन्मले त्या वर्षी गावात गोवर आला होता, पाळणे रिकामे होत होते. त्याच्याआधीची तीन लेकरं आईनं पुरली होती. मग जन्मताच त्याला सुपात घालून शेजारणीला एका कवडीला विकलं आणि परत विकत घेतलं. कवडीमोलाचं पोर, म्हणून मरणाची नजर त्याच्यावर पडू नये. पलीकडच्या घरीही तेच झालं, म्हणून तोही कवडू. आणि दोघांचेही बाप धोंडबा, कारण त्यांच्या वेळी दुसरी कुठली तरी साथ होती आणि दगडाधोंड्याचं नाव ठेवलं की पोर टिकतं म्हणत. जन्मतारीख तर शाळेच्या मास्तरनं सगळ्या गावाची एकच लिहून दिलेली, एक जुलै. गावात कुणाचा कधी घोटाळा झाला नाही. तो स्वतः टेकडीवरचा कवडू, दुसरा विहिरीजवळचा कवडू. आता टेकडी आणि विहीर दोन्ही पाण्याखाली गेल्या, गावाची माणसं तीन ठिकाणी पांगली, आणि दाखला आणायला गावच उरलं नाही.

त्यानं शांतपणे आणखी एक सांगितलं. एक जुलैला त्याला पस्तीस पूर्ण होत होती. भरतीची वयाची अट पस्तीस. पुढची भरती होईल तेव्हा तो म्हातारा धरला जाणार. म्हणजे जे काय व्हायचं ते जून संपायच्या आत.

चारुलतेनं त्याच्यासमोरच ती ओळ बदलली. घर क्रमांक घातला, आईचं नाव घातलं, जन्मतारीख काढून टाकली. ओळ कागदात मावली. दहा मिनिटं लागली. जे काम तिनं पुढच्या आठवड्यावर टाकलं होतं ते दहा मिनिटांचं होतं, हे तिला त्या खोलीच्या गारव्यात घाम फुटून कळलं. स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता.

नवा कागद घेऊन ती कवडूला रिक्षात घालून धरणाच्या ऑफिसात गेली. गणपतरावांनी कागद वाचला, घडी घातली आणि परत केला. सही झालेली यादी ती. हा कागद दुसराच. घर क्रमांकाचं म्हणाल तर सात जणांनी खोटे घर क्रमांक घातले होते, आणि आईचं नाव काय, माणूस अर्जात कुणाचंही लिहील. रेशन कार्डावरही दोघांचं नाव तेच. तुमच्याच यंत्रानं पहिल्यांदा सारखं छापलं ना, मग दुसऱ्यांदा वेगळं छापलं ते खरं कशावरून? प्रश्न तिरपागडा असला तरी चुकीचा नव्हता. शेवटी चारुलतेनं बरीच गयावया केल्यावर त्यांनी साहेबांपुढं सोमवारी सुनावणी ठेवली. विहिरीजवळच्या कवडूलाही बोलावणं धाडलं. तो येऊन म्हणेल की हा वेगळा माणूस, मग साहेब काय ते बघतील.

चारुलतेला वाटलं, जिंकलं. लहानपणापासूनचा गावकरी, सोबत गोट्या खेळलेला, तो काय खोटं बोलणार? टेकडीवरच्या कवडूनं मात्र दुपट्टा झटकून पुन्हा बांधला.

मधुकररावांनी रविवारी तिला घरी बोलावून नीट सांगितलं. तिथं लपवाछपवी करू नका. ओळ अपुरी होती, ती चूक आपली, असं सरळ म्हणा. केंद्राची थोडी नाचक्की होईल, होऊ द्या. सरकारी साहेबाला चूक हा शब्द लागतो, त्याच्याशिवाय त्याचा हात हलत नाही. चारुलता हो सर म्हणाली. याही वेळी तिच्या मनात तसंच होतं.

सोमवारी सकाळी साहेबांच्या खोलीत खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलेलं होतं. साहेब तरुण, बोलायला मऊ, घड्याळाकडं बघणारे. एका बाजूला टेकडीवरचा कवडू, दुसऱ्या बाजूला विहिरीजवळचा. तो बुटका, जाड मानेचा, नवा सदरा घातलेला. दोघांत काहीही साम्य नव्हतं. आंधळ्यालाही सांगता आलं असतं की ही दोन माणसं आहेत. पण प्रश्न तो नव्हताच. खापरखेडीचा कवडू धोंडबा म्हणून अर्ज केलेली माणसं दोन की एक, असा प्रश्न होता. साहेबांनी विहिरीजवळच्याला विचारलं, याला ओळखतोस का?

 गणपतरावांनी बाहेर व्हरांड्यात त्याला आधीच समजावलं होतं. अगदी चांगुलपणानं समजावलं होतं, की बघ गा, यादी उघडली तर त्या नावावरची नोकरी चौकशीत जाईल, चौकशी कधी संपेल देव जाणे, आणि जुलै लागला की तुझीही पस्तीस भरतात.

"मले काही माहीत नाही, साहेब," तो म्हणाला. "खापरखेडीले माह्या नावाचा मी एकच होतो."

टेकडीवरच्या कवडूनं त्याच्याकडं पाहिलं. चिडून नाही. दुखतं आहे कुठं ते बघावं तसं पाहिलं आणि मान वळवली.  खोटारडा, असं चारुलतेच्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात साहेबांनी तिच्याकडं मोर्चा वळवला.

ते तिच्याशी फार आदरानं बोलले. म्हणाले, हे एकमेकांबद्दल काय म्हणतात ते सोडा. तुम्ही तज्ज्ञ आहात. एकसारख्या दोन ओळी आल्या, ही तुमच्या यादीतली चूक आहे का? चूक असेल तर मी आज यादी रोखतो आणि आठ दिवसांत जुने अर्ज काढून माणसं लावून पडताळणी करतो. जून संपायच्या आत उरकतो. चूक नसेल तर तसं सांगा.

सोपा प्रश्न होता. उत्तर कालच तिला पढवलं होतं. पण खोलीत गणपतराव होते, ओठांच्या कोपऱ्यात हसत, यंत्राची चूक चहावर चघळणारे गणपतराव. दाराशी दोन कारकून ऐकायला उभे होते. आणि चारुलतेच्या मनात त्या घटकेला कवडू नव्हता, तिचा प्रोग्रॅम होता. तीन आठवडे रात्रंदिवस एक करून लिहिलेला, अकराशे बारा माणसांत एकाचीही गफलत न केलेला. त्यात दोन कवडू दोनच होते, पहिल्यापासून. चूक पेन्सिलीची होती. आणि मी चूक म्हणू?

"चूक नाही, साहेब," ती म्हणाली. "यादी बरोबर आहे."

यापुढं तिला पुष्कळ सांगायचं होतं. दोन ओळी होत्या म्हणजेच दोन माणसं, आत ती वेगळी आहेत, ओळ म्हणजे माणूस नव्हे, ओळ फक्त त्याचं वरवरचं सांगणं. तिनं पण, पण असं दोनदा म्हटलंही. पण साहेबांनी हात वर करून तिला थांबवलं होतं आणि ते स्टेनोला सांगत होते. संगणकतज्ज्ञांनी यादी बिनचूक असल्याचे सांगितले. दुसऱ्या अर्जदाराने या अर्जदारास ओळखत नसल्याचे सांगितले. सबब दुबार नोंद रद्द करण्याची कार्यवाही योग्य. लिहून झाल्यावर त्यांनी तिचे आभार मानले. गणपतरावांनीही मानले. तीन मिनिटांत सगळे खोलीबाहेर होते.

व्हरांड्यात तिनं परत आत जायचा प्रयत्न केला. शिपायानं साहेब मीटिंगला निघाले म्हणून अडवलं. तिनं तिथंच बाकावर बसून कागदावर लिहिलं की चूक माझी आहे, यादी रोखा. खाली सही केली आणि गणपतरावांना दिलं. त्यांनी ते आवक वहीत नोंदवून घेतलं, शिक्का मारला, आणि सहानुभूतीनं सांगितलं की सकाळचं बोलणं फायलीत आहे, त्याच्याविरुद्ध तुमचंच पत्र आलं तर तुमच्याच कॉलेजला खुलासा विचारतील, त्यात महिना-दीड महिना जाईल. तो कागद पुढं खरंच गेला. खुलासाही आला. सप्टेंबरात.

काटोलची बस साडेतीनला होती. चारुलता स्टँडवर गेली, का गेली हे तिला नीट सांगता आलं नसतं. माफी मागायची होती, आणि त्या दुसऱ्याला दोन शब्द सुनवायचे होते. दोघेही कवडू तिथं एकाच बाकावर बसले होते. दुसरी बस नव्हतीच त्या बाजूला. विहिरीजवळच्या कवडूनं चहाचे दोन पेले आणले होते, एक मधे ठेवला होता, आणि टेकडीवरच्यानं तो थोड्या वेळानं उचलून प्यायला होता. चारुलतेला पाहून विहिरीजवळचा उठला आणि गाडी लागली का बघतो म्हणून दूर निघून गेला.

ती त्याच्या पाठीकडं बघत म्हणाली की कसा हा माणूस, सोबत वाढला आणि असं बोलला. मला वाटलंच नव्हतं.

"त्याले काही म्हनू नका, म्याडम," कवडू म्हणाला. "त्याच्या घरी पाच जनं खानारे हायेत. त्याच्या जाग्यावर मी असतो तं मीबी तेच बोललो असतो. तो भिऊन राहिला होता."

मग पेला बाकाखाली सरकवून त्यानं तिच्याकडं पाहिलं. आवाजात राग नव्हता, खरंच कळून घ्यायचं होतं त्याला.

"पन तुम्ही काहून तसं बोलल्या? तुमची नोकरी तं कोनी घेऊन नव्हतं राहिलं."

 चारुलतेनं दोनदा काहीतरी सुरू करून पाहिलं. उत्तर होतं, पण ते या माणसापुढं तोंडावाटे काढण्यासारखं नव्हतं. कवडू वाट बघत राहिला. बस लागली, कंडक्टरनं काटोल, काटोल म्हणून हाका घातल्या, लोक चढू लागले, तरी तो अदबीनं थांबून होता, म्याडम कदाचित सांगतील म्हणून. शेवटी विहिरीजवळच्या कवडूनं खिडकीतून दुपट्टा टाकून धरलेली जागा दाखवली आणि त्याला हाक मारली, तेव्हा त्यानं तिला नमस्कार केला आणि जाऊन त्याच्याशेजारी बसला.